हिरवं दिसतंय, पण जिवंत आहे ना?

बर्थडेला मग आणि फोटोफ्रेम द्यायचा जमाना मागे पडला. आता रोप द्यायचं, तेही जरा हटके. नर्सरीत चक्कर मारली की एका कोपऱ्यात उथळ कुंडी, वाकडं खोड, बारीक हिरवी पालवी आणि वर पांढरे चकचकीत खडे असं एक प्रकरण दिसतं. जुनिपर बोन्साय! तुम्ही पॉकेटमनी मोजता, रोप होस्टेलच्या टेबलावर लॅपटॉपशेजारी विराजमान होतं, स्टोरी पडते. महिनाभर सगळं मस्त. मग एक दिवस सहज हात लावता आणि पालवी कुरकुरीत होऊन हातात येते.

‘अरे, परवापर्यंत तर हिरवंगार होतं!’

खरी मेख इथेच आहे. तुळशीला तहान लागली की ती मान टाकते. जुनिपर तसं काही सांगत नाही. त्याची पानं मेणचट, पाणी धरून ठेवणारी. मुळं मेल्यावरही ती कित्येक आठवडे हिरवी राहतात. म्हणजे झाड ‘आजारी’ दिसायची वाट बघाल, तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्यामुळे हे झाड पाळायचं तर त्याचा स्वभाव आधी कळायला हवा.

हा पाहुणा कुठला?

जुनिपर म्हणजे थंड प्रदेशातलं सदाहरित झाड. बारावीपर्यंत बायो घेतलं असेल, तर अनावृतबीजी वनस्पती आठवतील. पाईनच्या त्याच गोतावळ्यातलं हे. त्याची निळसर ‘फळं’ खरं तर फळं नाहीतच, ते मांसल झालेले शंकू आहेत. जिन या मद्याला वास आणि नाव दोन्ही त्यांच्यामुळेच मिळालं. आयुर्वेदातली ‘हपुषा’ म्हणजेही हीच.

नर्सरीत मिळतं ते बहुतेक वेळा चायनीज जुनिपर. पण याचे भाऊबंद आपल्या हिमालयातही आहेत. लाहौल-स्पिती आणि लडाखमध्ये, जिथे झाड दिसणंच मुश्कील, तिथे जुनिपर उभं असतं. लडाखमध्ये त्याला ‘शुक्पा’ म्हणतात आणि गोम्पांमध्ये त्याच्या पानांचा धूप जाळतात. हेमिस शुक्पाचन या गावाच्या नावातच हे झाड आहे.

घेताना एक बघा. लहानपणी वहीत ठेवायचो ती ‘विद्या’, म्हणजे मोरपंखी, हे वेगळं झाड. तिची पालवी पंख्यासारखी चपटी असते. जुनिपरची पालवी दोरीसारखी गोलसर किंवा टोचणाऱ्या सुयांची. कोवळं असताना सुया, मोठं झाल्यावर खवले, आणि कधी एकाच झाडावर दोन्ही.

टेबलावर नको, बाहेर ठेवा

‘इनडोअर चालेल ना?’ असं विचारलं की विकणारा ‘चालेल’ म्हणून मोकळा होतो. नाही चालत. जुनिपरला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन आणि खेळती हवा लागते. ट्यूबलाइटखाली ते हळूहळू उपाशी मरतं, फक्त दिसायला हिरवं राहतं. गच्ची, बाल्कनी, खिडकीबाहेरची जाळी, काहीही चालेल, पण घराबाहेर. नवीन आणलेलं रोप सावलीत ठेवलेलं असेल, तर आठवडाभर सकाळच्या उन्हात ठेवून मग पूर्ण उन्हात न्या.

पाणी किती?

‘एक दिवसाआड एक कप’ असं गणित करू नका. बोट मातीत घाला. वरची इंचभर माती कोरडी लागली, तर कुंडीच्या तळातून वाहीपर्यंत पाणी द्या. ओली लागली, तर हात आवरा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. वरचे पांढरे खडे डिंकाने चिकटवलेले असतील, तर आधी काढून टाका. त्यांच्यामुळे खालची माती दिसत नाही आणि पाणीही नीट मुरत नाही.

नुसती काळी माती याला चालत नाही. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. लाल माती, भरड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडं कंपोस्ट असं भुसभुशीत मिश्रण करा.

आपल्याकडे याची सत्त्वपरीक्षा पावसाळ्यात होते. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा. सलग झड लागली, तर उजेड-वारा मिळेल अशा पत्र्याखाली न्या किंवा एका बाजूला वीट सरकवून कुंडी तिरकी करा, म्हणजे पाणी निथळतं. पुणे, नाशिकची कोरडी थंडी याला मानवते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मात्र जास्त जपावं लागतं.

कात्री जरा जपून

जुनिपरची ताकद पालवीत असते. सगळी हिरवी टोकं एकदम छाटलीत, तर झाड खचतं. आणि तपकिरी, पानं नसलेल्या भागात कापलंत, तर तिथून सहसा पुन्हा फूट येत नाही. म्हणून प्रत्येक फांदीवर थोडं हिरवं राखूनच कापा.

कुंडी बदलायची तर हिवाळा सरताना, जानेवारी-फेब्रुवारीत. मुळं धुऊन साफ करायचा मोह टाळा. त्यांच्याभोवती उपयोगी बुरशी असते, त्यामुळे जुनी माती थोडी राहू द्या. मुळं एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. आणि कुंडी बदलणं, जोरदार छाटणी, तार गुंडाळणं हे सगळं एकाच वर्षी उरकू नका.

मार्च ते मे लाल कोळी या किडीचा सीझन. पालवी निस्तेज, धुरकट दिसली, तर खाली पांढरा कागद धरून फांदी टिचका. धुळीएवढे ठिपके चालायला लागले, तर तेच ते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पालवी धुवा, संध्याकाळी निंबोळी तेल फवारा.

जिवंत आहे का, कसं ओळखाल?

नखाने फांदीची साल किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं, तर जीव आहे. सगळीकडे कोरडं तपकिरी दिसलं, तर खेळ संपला. एखादी फांदी गेली म्हणून लगेच रडू नका. बोन्साय करणारे अशी वाळकी फांदी सोलून मुद्दाम झाडावर ठेवतात. जपानीत तिला ‘जिन’ म्हणतात. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे बोन्सायच्या विभागात थोडा वेळ काढा. माहितगार माणसं भेटतात आणि फुकट शिकवतातही.

अमेरिकेच्या सिएरा नेवाडा पर्वतात हजार वर्षांहून जुनी जुनिपर उभी आहेत. आपल्या हातात ते सेमिस्टरभरही टिकत नाही, यात झाडाचा दोष नाही. आपण त्याला शोपीस समजून घेतो आणि शोपीसला रोज कोण बघतं?

त्यामुळे गिफ्ट देण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘तुझ्याकडे ऊन येतं का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर सरळ मनी प्लांट द्या. ‘हो’ असेल, तर जुनिपर द्या. आणि सोबत चिठ्ठीत लिहा, ‘रोज बोट घालून बघ, नुसतं हिरवं आहे म्हणून विश्वास ठेवू नकोस.’