आभासी तबेला आणि भीमथडीचें तट्टू

हल्लीं कित्येक शाळकरी मुलामुलींना घोडे पाळण्याचा छंद लागला आहे. गिरीजच्या केळीच्या वाडींत तबेला कोठून आला, असें पालक साहजिकच विचारतील. हे घोडे राहतात मोबाईलच्या व संगणकाच्या पडद्यावर. त्यांना दाणावैरण द्यावयाची, खरारा करावयाचा, शर्यतींत उतरवावयाचें आणि योग्य वेळीं जोडा जमवून त्यांचीं शिंगरें वाढवावयाचीं, असा हा आभासी खेळ आहे. फ्रान्समध्यें २००५ सालीं निघालेला ‘हाउर्स’ हा त्यांतला एक प्रसिद्ध खेळ. त्याच्यासारखे दुसरेही पुष्कळ आहेत. खेळांत वेळ किती घालवावा हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरीं सुटावा. येथें पाहावयाचें तें एवढेंच, कीं अशा खेळांत चांगला घोडा निपजतो तो कशानें, आणि खऱ्या घोड्याला तेंच गणित कितपत लागू पडतें.

वंशाची एक गोष्ट वसईच्या बागाइतदाराला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. राजेळीचा मुनवा लावला तर राजेळीच मिळते. आईंत व मुनव्यांत वंशाचा फरक नसतो. परंतु आंब्याची कोय पेरली तर फळ कसें येईल हें कोणी सांगूं शकत नाहीं, आणि म्हणूनच कलमें बांधावीं लागतात. घोडा हा कोयीच्या पंगतींतला, मुनव्याच्या नव्हे. त्याच्या शरीरांतील पेशींत गुणसूत्रांच्या ३२ जोड्या असतात. प्रत्येक जोडींतील एक सूत्र बापाकडून येतें व एक आईकडून. परंतु बापाजवळच्या दोहोंपैकीं कोणतें यावें, हें फांसा पडेल त्याप्रमाणें ठरतें. यामुळेंच त्याच घोडा-घोडीच्या पोटीं एक शिंगरूं वाऱ्यासारखें धांवणारें निघतें आणि त्याचें सख्खें भावंड टांग्यालाही जेमतेम जुंपतां येतें. खेळ रचणारे बहुधा हाच नियम अंकांत बसवितात. वेग, दम, उडी अशा गुणांना आंकडे असतात. शिंगराचा आंकडा आईबापांच्या सरासरीच्या आसपास पडतो आणि त्यांत थोडा दैवाचा भाग मिसळलेला असतो. म्हणून एका शिंगरावरून जोडीची परीक्षा करूं नये. चार-पांच झाल्यावर मग बोलावें.

रंगाचें गणित याहून सोपें आहे, आणि मला तें सर्वांत मनोरंजक वाटतें. मठवासी ग्रेगोर मेंडेल यानें वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ सालीं जे नियम प्रसिद्ध केले, तेच येथें चालतात. तांबड्या घोड्याला तांबडी घोडी मिळाली तर शिंगरूं तांबडेंच होतें. उलट कुमैत, म्हणजे तपकिरी अंगाच्या व काळ्या आयाळीच्या जोड्याच्या पोटीं मधूनच तांबडें शिंगरूं येतें. तो गुण दोघांतही दडून बसलेला असतो. आतां सोनेरी अंगाचा व पांढऱ्या आयाळीचा घोडा पाहा. खेळांत पुष्कळ मुलांना असाच घोडा हवा असतो. सोनेरी घोडा म्हणजे मूळचा तांबडाच, पण रंग फिका करणारें एक बीज त्याला आईकडून किंवा बापाकडून मिळालेलें असतें. सोनेरीला सोनेरी जोडिली तर सरासरीनें चार शिंगरांत दोन सोनेरी, एक तांबडें, आणि एक निळ्या डोळ्यांचें, जवळजवळ पांढरें, असा हिशेब पडतो. सोनेरीची शुद्ध जात कितीही पिढ्या खपलें तरी बनत नाहीं ती यामुळें. ज्याला सगळींच शिंगरें सोनेरी पाहिजेत, त्यानें तें निळ्या डोळ्यांचें पांढरें जनावर मोठें झाल्यावर तांबड्याशीं जुळवावें. अंकगणिताच्या तासाला त्रैराशिक कंटाळवाणें वाटणाऱ्या मुलानें हा हिशेब पाटीवर मांडून पाहावा.

परंतु रंग हवा, वेग हवा, उंची हवी आणि जातही दुर्मिळ हवी, असें म्हणणारा खेळाडू दहा पिढ्यांनंतर होता तेथेंच राहतो. निवड करणें याचा अर्थच कांहीं तरी सोडणें. वेगासाठीं निवडावयाचें ठरलें तर सुंदर पण मंद शिंगरूं बाजूला सारावें लागतें. त्यांतून ध्येय अगदींच एकमार्गी ठेवलें तर दुसरा धोका असतो. अमेरिकेंत १९६९ सालीं ‘इम्प्रेसिव्ह’ नांवाचा एक क्वार्टर जातीचा घोडा जन्मला. त्याचे पिळदार स्नायू पाहून प्रदर्शनांतले परीक्षक मोहून जात, आणि त्याचीं शिंगरें हजारांनीं मोजावीं इतकीं झालीं. पुढें कळून आलें कीं त्या वंशांत स्नायूंचा एक आनुवंशिक रोग उतरत आहे. घोडा एकाएकीं थरथरतो, कोसळतो, कधीं मरतोही. नजर फक्त स्नायूंवर होती, आणि स्नायूंबरोबर रोगही निवडला गेला. शेवटीं त्या जातीच्या संस्थेनें २००७ पासून जन्मणाऱ्या, आई व बाप दोघांकडूनही हा दोष घेतलेल्या शिंगरांची नोंदणी बंद केली.

चांगला घोडा सांपडला म्हणजे त्याच्याच नात्यांत जुळण्या करण्याचा मोह होतो. याचें माप काढतां येतें. सख्ख्या भावंडांच्या जुळणींत, एखाद्या बीजाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याचा संभव २५ टक्के असतो. सावत्र भावंडांत १२.५ टक्के, चुलत किंवा मामेभावंडांत ६.२५. हा आंकडा वाढला कीं दडलेले दोष जोडीनें भेटूं लागतात. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची वंशावळ इंग्लंडांत १७९१ पासून छापली जात आहे, आणि या जातीच्या सर्व नरांची पितृपरंपरा तीन घोड्यांवर जाऊन थांबते. त्यांतही बहुतेकांची एकट्या ‘डार्ली अरेबियन’वर. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर जे थरोब्रेड घोडे धांवत आले, तेही याच कुळांतले. शहाणा खेळाडू म्हणून दोन-तीन स्वतंत्र वंश चालू ठेवितो, वहींत त्यांच्या नोंदी करितो, आणि चार पिढ्यांनीं एकदां त्यांची गांठ घालून देतो.

खेळाचें आणि सृष्टीचें जुळतें तें येथपर्यंत. पडद्यावर पिढी कांहीं दिवसांत उलटते. खरी घोडी अकरा महिने गाभण राहते, एका वेळीं बहुधा एकच शिंगरूं देते, आणि तें कामास कसें आहे हें कळावयास आणखी तीन-चार वर्षें जातात. दहा पिढ्यांचा खेळ मुलगा एका सुटींत खेळून मोकळा होतो. त्याला खऱ्या तबेल्यांत माणसाचें आयुष्य पुरत नाहीं. शिवाय मनासारखें न उतरलेलें शिंगरूं बटन दाबून विकतां येत नाहीं. तें वीस-पंचवीस वर्षें दाणावैरण मागतें, पावसांत भिजतें, आजारी पडतें.

इतक्या लांब पल्ल्याचें ध्येय मध्येंच सुटलें तर काय होतें, याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. भीमेच्या थडीचीं, म्हणजे कांठचीं तट्टें मराठ्यांच्या फौजेचा कणा होतीं. उंचीनें तीं बेताचींच. खूर कणखर, चारा थोडा, आणि डोंगरवाटेनें दिवसचे दिवस चालण्याची तयारी. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला घेतला तो काळ या घोड्यांच्या भरभराटीचा होता. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि त्यांचा मोठा गिऱ्हाईक नाहींसा झाला. इंग्रजी पलटणींना उंच, वजनदार घोडा हवा होता. तो ऑस्ट्रेलियांतून ‘वेलर’ या नांवानें जहाजांतून येऊं लागला, आणि अरबी घोड्यांचा व्यापार मुंबईस होताच. भीमथडीच्या तट्टांत खोट निघाली होती असें नव्हे. त्यांना ज्या गुणांसाठीं निवडलें होतें, ते गुण मागणारा कोणी उरला नाहीं. एखाद्या जातीला नुसतें ‘हलकी’ म्हणणाऱ्यानें आधीं विचारावें, कोणत्या कामास?

तीं टिकलीं तीं मुख्यतः धनगरांच्या वाड्यांबरोबर. मेंढरें घेऊन चाऱ्यासाठीं फिरणाऱ्या या लोकांना उंच घोडा परवडणारा नव्हता व नकोही होता. घोंगड्या, भांडींकुंडीं, कोंबड्या आणि नुकतींच जन्मलेलीं कोंकरें पाठीवर घेऊन निमूटपणें चालणारें जनावर त्यांना हवें होतें. त्यांनीं कागदावर वंशावळ लिहिली नाहीं; पण कोणती घोडी वाटेंत थकत नाहीं हें लक्षांत ठेवून तिचीं शिंगरें राखलीं. फौजेची निवड थांबली ती येथें निराळ्या कामासाठीं चालू राहिली, आणि गुण बहुतेक तेच लागले.

२०२३-२४ च्या सुमारास कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेनें भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. आतां त्याच्या शर्यती होतील, प्रदर्शनें भरतील, आणि उंच व रुबाबदार घोड्याला बक्षीस देण्याचा मोह परीक्षकांना पडेल. तसें झालें तर पांच-सहा पिढ्यांत नांव भीमथडीचें राहील आणि घोडा दुसराच होईल. ज्या मुलांनीं खेळांत पांच पिढ्यांच्या नोंदी ठेविल्या आहेत, त्यांना यांतील अडचण चटकन कळेल: उंची फूटपट्टीनें मोजतां येते, पण थोड्या चाऱ्यावर लांब चालण्याचा गुण मोजावयाचा असेल तर घोड्याबरोबर चालावें लागतें.