बसण्याआधी उलटी करा

डेट्रॉइटजवळ डिअरबॉर्न गावात हेन्री फोर्ड म्युझियम आहे. लोक तिथे जातात ते जुन्या मोटारी आणि वाफेची इंजिनं बघायला. या संग्रहालयाने १९७० साली एक हातांची खुर्ची ९,००० डॉलरना विकत घेतली. ओकची, दणकट, पाठीला आणि हातांखाली कातलेल्या गजांच्या रांगाच रांगा. सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्सला आलेल्या पहिल्या इंग्रज वसाहतकऱ्यांच्या घरात अशा खुर्च्या असत. त्यांना ‘ब्रूस्टर’ म्हणतात आणि अस्सल नग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. मेन राज्यातल्या एका घराच्या ओसरीवर अशी खुर्ची सापडावी, म्हणजे लॉटरीच.

खुर्ची एक वर्षाची होती. ऱ्होड आयलंडचे शिल्पकार आर्मांड लामोंटेन यांनी ती १९६९ साली घडवली होती. तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांची फजिती करायची, एवढाच हेतू. तिला ठोकलं, धुरावलं, धूळ चोळली आणि सोडून दिली. गुपित फुटलं ते १९७७ साली. संग्रहालयाने क्ष-किरण चित्रं काढली, तेव्हा गज बसवायची भोकं आधुनिक गिरमिटाने पाडलेली दिसली. जुन्या सुतारांचं गिरमिट चमच्यासारखं असे, त्याच्या भोकाचा तळ गोलसर होतो. आताच्या गिरमिटाच्या भोकात तळाशी मधोमध टोक उमटतं. खुर्चीने बाहेरून सगळं व्यवस्थित लपवलं होतं, आत मात्र लपवता आलं नाही. संग्रहालयाने ती फेकून दिली नाही, नकलेचा नमुना म्हणून ठेवली. मला हा खिलाडूपणा आवडला.

आम्ही न्यूजर्सीत जुनी खुर्ची शोधायला निघालो ते बाबांसाठी. ते दरवर्षी सहा महिने येतात, आणि आमच्या सोफ्यात एकदा रुतले की त्यांना बाहेर काढायला दोन माणसं लागतात. पुण्याच्या घरी त्यांच्या वडिलांची शिसवी आरामखुर्ची आहे, वेताने विणलेली, पाय वर टाकता येतील एवढ्या लांब हातांची. तीच आणू, असं पहिल्यांदा वाटलं. पण आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. खुर्ची तशी नाही, असं पुरातत्त्व खात्याकडून लिहून घ्यावं लागतं. शिवाय शिसवी लाकूड आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत येतं. आजोबांची खुर्ची पुण्यातच बरी, असं ठरलं.

अमेरिकेतही रेषा शंभराचीच आहे. सीमाशुल्काच्या वर्गवारीत शंभर वर्षांहून जुनी वस्तू ती ‘अँटिक’. ‘व्हिंटेज’ला तसा काही कायदेशीर अर्थ नाही, तो बाजाराचा शब्द. दुकानदाराने चिठ्ठीवर व्हिंटेज लिहिलं की समजायचं, त्याला पन्नास वर्षं म्हणायची आहेत, पण लेखी द्यायची नाहीत.

पूर्व किनाऱ्यावर जुन्या खुर्च्यांच्या बाजारात सगळ्यात जास्त भेटते ती विंडसर. जन्म इंग्लंडचा, पण फिलाडेल्फियाच्या कारागिरांनी १७४० नंतर तिला असं काही हलकं आणि डौलदार केलं की ती इथलीच झाली. जॉर्ज वॉशिंग्टनने १७९६ साली माउंट व्हर्ननच्या आपल्या घराच्या ओसरीसाठी फिलाडेल्फियाच्या गिल्बर्ट आणि रॉबर्ट गॉ यांच्याकडून चोवीस विंडसर मागवल्या होत्या. राष्ट्राध्यक्षाच्या ओसरीवर असो की खानावळीत, खुर्ची तीच.

तिची बांधणी बघण्यासारखी आहे. साध्या खुर्चीत मागचे पाय वर जाऊन पाठ होतात. विंडसरमध्ये सगळा संसार बैठकीच्या जाड फळीवर. पाय खालून फळीत शिरतात, पाठीचे गज वरून. फळी पाइनची किंवा ट्युलिप पॉप्लरची, कारण मऊ लाकूड मांड्यांच्या आकाराने कोरता येतं. कातलेले पाय मेपलचे, कारण त्यावर कातकाम स्वच्छ उठतं. वाकवायची कमान आणि गज हिकरीचे किंवा ओकचे, तेही करवतीने कापलेले नाहीत, ओलं लाकूड रेषेरेषेने फाडून काढलेले, म्हणून वाकतात पण मोडत नाहीत. सुकलेला पाय जरा ओलसर फळीत बसवायचा, वरून पाचर ठोकायची. फळी सुकताना आवळते आणि सांधा पकडून ठेवते. कित्येक खुर्च्या दोनशे वर्षं अशाच उभ्या आहेत.

तीन जातींची लाकडं एकत्र, म्हणून या खुर्च्या रंगवत, बहुधा हिरव्या. हे मला उशिरा कळलं. इथे आल्यावर पहिल्या वर्षी घेतलेल्या एका जुन्या विंडसरचा रंग मी दोन शनिवार घालवून खरवडून काढला. खाली सुंदर सागवानी झळाळी निघेल अशी आपली कोकणी कल्पना. निघाली ती एक पिवळी, एक पांढरी, एक तांबूस अशी गोधडी. संग्राहक किंमत देतात ती त्या जुन्या रंगालाच, हेही तेव्हाच कळलं. शिवाय घरगुती रंगातल्या शिशावर अमेरिकेत बंदी आली ती १९७८ साली. त्याआधीचा रंग घासणं म्हणजे शिशाची धूळ घरभर उडवणं. घरात लहान मूल असेल तर अशा खुर्चीला पॉलिशपेपर लावूच नका.

विंडसरचं वय ओळखायची एक युक्ती मात्र फुकट आहे. लाकूड वर्षानुवर्षं सुकतं, पण सगळ्या बाजूंनी सारखं आटत नाही, रेषांच्या आडव्या अंगांपैकी एका अंगाने जास्त. त्यामुळे एके काळी गोल कातलेला पाय शंभर-दीडशे वर्षांत किंचित लंबगोल होतो. बोटांत धरून फिरवलात तरी जाणवतो. अगदी गोल लागला तर चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो, शंका घ्या. वॉलेस नटिंग नावाचे एक पाद्री गृहस्थ १९१७ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये जुन्या धाटणीच्या खुर्च्या बनवायला लागले. त्यांनी केल्या प्रामाणिकपणे, शिक्का मारून. पण पुढे लोकांनी शिक्के पुसून त्या जुन्या म्हणून विकल्या. गंमत अशी की त्यातल्या काही नकलाच आता शंभरी ओलांडून अँटिक झाल्या आहेत.

न्यूजर्सीतल्या पार्सिपनीत मराठी माणसांना तोटा नाही, पण तिथलं क्राफ्ट्समन फार्म्स किती जणांनी पाहिलंय, कोण जाणे. फर्निचर घडवणाऱ्या गुस्ताव्ह स्टिकलीचं ते ओंडक्यांचं घर, १९११ सालचं. १९८९ मध्ये तिथे गृहसंकुल उभं राहायची वेळ आली होती, गावाने जागा ताब्यात घेऊन वाचवली. आता ते संग्रहालय आहे. स्टिकलीची ‘मॉरिस’ खुर्ची म्हणजे अमेरिकेची आरामखुर्ची. रुंद सपाट हात, मागच्या खुंट्या एका भोकातून दुसऱ्यात घातल्या की पाठ कमी-जास्त कलते. पांढरा ओक असा चिरलेला की अंगावर वाघासारखे पट्टे उमटावेत. रंग लावलेला नाही. बंद खोलीत अमोनियाच्या वाफेत ठेवलं की ओकमधलं टॅनिन काळवंडतं. हेच टॅनिन आपल्या हिरड्यात असतं, म्हणून तर हिरड्याची शाई होते. खाली शिक्का असतो तो सुताराच्या कंपासाचा, मध्ये फ्लेमिश शब्द ‘आल्स इक कान’, म्हणजे मला जमेल तितकं.

गुस्ताव्हचं १९१५ साली दिवाळं वाजलं. भावांची कंपनी टिकली, आणि तिने १९८९ साली त्याच घाटाचं फर्निचर पुन्हा बनवायला घेतलं. तेव्हा ‘स्टिकली आहे’ एवढ्यावर भुलू नका. फर्निचर उत्तम असेल, पण तुमच्या मोठ्या मुलीच्या वयाचं.

बाबा मॉरिस खुर्चीत बसले आणि खूश झाले. उठता मात्र येईना. बैठक खोल आणि ठेंगणी, गुडघे कमरेच्या वर. त्यावेळच्या माणसांनी ती शेगडीसमोर लोळायला केली होती, दर अर्ध्या तासाने चहा टाकायला उठायला नव्हे. अशा वयाला बैठक जमिनीपासून सतरा-अठरा इंच हवी, आणि हात पुढपर्यंत आलेले, म्हणजे तळवे टेकून उठता येतं. कित्येक जुन्या खुर्च्यांचे पाय कुजले म्हणून खालून कापलेले असतात. टेपने मोजल्याशिवाय ते डोळ्याला कळत नाही.

डुगडुगते म्हणून खुर्ची नाकारू नका. जुने सांधे सरसाने जोडलेले असतात. सरस कोमट पाण्याने आणि उबेने सुटतो, म्हणून सांधा उकलून पुन्हा जोडता येतो. कुणी घाईने त्यात इपॉक्सी ओतलं असेल, लोखंडी पट्ट्या, स्क्रू मारले असतील, तर मात्र सोडून द्या. बारीक भोकं दिसली तर खुर्ची पांढऱ्या कागदावर आपटा. ताजं पीठ पडलं तर किडा जिवंत आहे.

आम्ही शेवटी घेतली ती शिक्का नसलेली, ओकची, सरळ पाठीची, रुंद हातांची. ती बाबांनी निवडली. तीन वेळा बसले, तीन वेळा उठले आणि म्हणाले, पैसे दे.

मॅसॅच्युसेट्समध्ये ब्रिमफिल्डला दरवर्षी मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. गेलात तर टॉर्च आणि टेप न्या, खुर्ची उलटी करून खालून बघा, आणि ती ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांनाही सोबत न्या.