जुन्या गाडीचा खोटा क्रमांक

बैलबाजारात आपल्याकडील शेतकरी कधीच फसत नाही असे नाही. परंतु तो सहजासहजी फसत नाही. जनावर लाल कंधारी असो वा देवणी, विकणारा कितीही गोड बोलो, घेणारा प्रथम त्याचा जबडा उघडतो. दुदाती, चौदाती, सहादाती की जुळलेला, हे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. शिंगे साळून तेल लावले आहे काय याचा अदमास घेतो. वशिंडावरून हात फिरवितो, चार पावले चालवून पाहतो, आणि मगच रुमालाखाली बोटांचा व्यवहार सुरू होतो. बाजाराची पावती ही त्यानंतरची गोष्ट. नुसती पावती वाचून बैल घेणारा शेतकरी मी तरी आजवर पाहिलेला नाही. तोच शेतकरी जुना ट्रॅक्टर किंवा जुनी जीप घेताना मात्र नेमके उलट करतो. तो कागद पाहतो, कागद खरा दिसला की पैसे मोजतो, आणि गाडीचा जबडा उघडण्याचे राहूनच जाते.

हे मी दुसऱ्यास नावे ठेवण्याकरिता लिहीत नाही. ही चूक प्रत्यक्ष माझ्या हातून घडली आहे, आणि तिचा भुर्दंड दुसऱ्यास भरावा लागला आहे.

माझे मेहुणे जिंतूर तालुक्यात शेती करतात. त्यांना जीपगाडीची फार हौस. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईस विलिस जीपगाड्या जुळविण्यास आरंभ केला, तेव्हापासून खेड्यापाड्यांतील चिखलाच्या वाटेवर ह्या गाडीने जे नाव मिळविले ते अद्याप पुसले गेले नाही. तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याबाहेरील एका दलालाने त्यांना एक जीप आणून दाखविली. गाडी १९७१ सालची, पन्नाशी ओलांडलेली, तेव्हा सरकारदरबारी ती ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येईल आणि पुढे दुप्पट किमतीस जाईल, असे त्याचे सांगणे. किंमत पावणेतीन लाख. मेहुण्यांनी गाडी घेऊन थेट माझे घर गाठले. महसूल खात्यात पस्तीस वर्षे कागदांत डोके घालून बसलेला मनुष्य घरचाच असता दुसऱ्यास कोणास विचारावयाचे?

मी सायंकाळपासून रात्री नवापर्यंत कागद तपासले. नोंदणी पुस्तक पाहिले, कराच्या पावत्या पाहिल्या, हस्तांतराचे नमुना २९ व ३० वरील सह्या ताडल्या, कर्जाचा बोजा नाही याची खात्री केली, प्रत्येक कागदावरील चेसिसचा क्रमांक अंकाला अंक लावून वाचला. सर्व जुळले. “कागद निर्दोष आहेत, खुशाल घ्या,” असे मी सांगितले. ह्या सर्व वेळात जीप अंगणात लिंबाखाली उभी होती आणि तिचे बॉनेट बंद होते. ते उघडावे असे मला एकदाही सुचले नाही.

पुढे नोंदणी नावावर करून नूतनीकरण करण्याकरिता गाडी परिवहन कचेरीत नेली, तेव्हा तेथील निरीक्षकाने चेसिसवर कागद धरून पेन्सिल घासली. अंक उमटले, परंतु अंकांच्या दोन्ही बाजूंस एकेक उभी रेघही उमटली. त्याने रंग खरवडला. तळहाताएवढा लोखंडाचा तुकडा मूळ सांगाड्यात बसवून जोड दिलेला आणि वर लांबी भरून रंग मारलेला निघाला. पोलिसांच्या तपासात पुढे कळले की, क्रमांकाचा तुकडा आणि कागद १९७१ च्या खऱ्या जीपचे होते, पण ती जीप केव्हाच भंगारात गेली होती. अंगणात उभी होती ती गाडी पुष्कळ अलीकडची, परराज्यातून चोरीस गेलेली. जीपचा बाह्याकार कित्येक दशके जवळजवळ एकच राहिला असल्यामुळे आम्हांस वयाचा संशयही आला नाही.

यात लबाडीची मेख कोठे आहे ती नीट ध्यानात घेतली पाहिजे. आपली समजूत अशी असते की, लबाड मनुष्य खोटे कागद करतो. तसे करणारे आहेतच; परंतु जो मुरलेला आहे तो कागदास हात लावीत नाही. तो खरे कागद विकत घेतो आणि त्यांस साजेशी गाडी तयार करतो. जमिनीच्या व्यवहारात असले प्रकार मी पाहिले होते. सातबारा खरा, फेरफार मंजूर, खासरापत्रकापासून नोंदींची साखळी अखंड. आणि खरेदीदारास नेऊन उभे केले ते शेत भलत्याच गटाचे. अशा वेळी आम्हीच लोकांस सांगत असू की, बाबांनो, मोजणी आणा, हद्दीचे दगड पाहा. दुसऱ्यास शिकविलेला हा धडा मी स्वतःच्या अंगणात विसरलो.

आता ह्या क्रमांकाविषयी थोडे सांगतो. चेसिस म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. त्यावर कारखान्यात जो क्रमांक ठोकलेला असतो तीच गाडीची कायमची ओळख. नंबराची पाटी बदलते, रंग बदलतो, इंजिनदेखील बदलते. ट्रॅक्टरास बहुधा वेगळा सांगाडा नसतो. इंजिन व गिअरपेटी हाच त्याचा कणा, आणि क्रमांक त्या ओतीव लोखंडावर किंवा पत्र्याच्या पट्टीवर असतो. अलीकडच्या मोटारींस जगभर सतरा अक्षरांकांचा क्रमांक असतो. त्यात रोमन लिपीतील आय, ओ व क्यू ही तीन अक्षरे मुळीच येत नाहीत, कारण ती एक व शून्य यांसारखी दिसून घोटाळा होतो. हिंदुस्थानात तयार झालेल्या मोटारीचा क्रमांक सामान्यतः ‘एम’ ह्या अक्षराने सुरू होतो. एवढे ठाऊक असले तरी निष्काळजीपणे केलेली काही बनावट जागच्या जागी पकडता येते. जुन्या गाड्यांना मात्र असा सार्वत्रिक नियम नव्हता. प्रत्येक कारखान्याची रीत निराळी, क्रमांक आखूड, कोठे पट्टी रिव्हेटांनी ठोकलेली तर कोठे अंक थेट लोखंडात. जुन्या गाडीत लबाडीस वाव अधिक तो ह्यामुळेच.

त्यात जुन्या गाडीस आता किंमत आली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम करून पन्नास वर्षांवरील दुचाकी व चारचाकी खाजगी वाहनांस ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी दिली. नव्या नोंदणीस २०,००० रुपये व फेरनोंदणीस ५,००० रुपये फी ठेविली, आणि पाटीवर ‘व्ही ए’ ही अक्षरे आली. अशी गाडी प्रदर्शनास, शर्यतवजा फेरीस किंवा दुरुस्तीस नेता येते. रोजच्या कामास किंवा भाड्याने वापरता येत नाही. आमच्या दलालाने नियमातील पहिली गोष्ट सांगितली आणि दुसरी गिळली. शेतावर रोज पळवावयाची जीप व्हिंटेज करून काय साधणार होते, हा साधा प्रश्नही आम्हांपैकी कोणाच्या तोंडून निघाला नाही.

ह्या रोगास देशाची सीमा नाही. अमेरिकेत एका गृहस्थाने २०१६ साली १९५९ ची कॉर्वेट मोटार रीतसर पेढीतून विकत घेतली. पुढल्या वर्षी कॅन्सस राज्यात नोंदणीच्या तपासणीत क्रमांकाची पट्टी काढून पुन्हा बसविल्याचे दिसले, आणि पोलिसांनी गाडी जप्त केली. दुरुस्तीच्या वेळी कोणी पट्टी काढली असेल, पण त्या राज्याचा कायदा असा की, अशी गाडी नष्टच करावयाची! खरेदीदाराचा काही अपराध नाही हे सर्वांस मान्य होते. तरीही २०२२ साली तेथील विधिमंडळाने कायदा बदलीपर्यंत त्यास वर्षानुवर्षे झगडावे लागले. दुसरे उदाहरण टॅल्बो-लागो नावाच्या जुन्या फ्रेंच मोटारीचे. ती २००१ साली मिलवॉकी शहरातून सुटे भाग व कागदांसह चोरीस गेली. पुढे ती दुरुस्त होऊन सत्तर लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकली गेली. नव्या खरेदीदाराने २०१६ साली नोंदणीचा अर्ज करताच चेसिसच्या ९०१०८ ह्या क्रमांकाने पंधरा वर्षांची चोरी बाहेर काढली, आणि प्रकरण विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एवढा पैसा मोजणाऱ्याजवळ सल्लागारांची उणीव नसावी.

आपल्या महाराष्ट्रातही २०२० साली पनवेलकडे असाच प्रकार उघडकीस आला. पुराच्या पाण्यात बुडालेल्या व भंगार म्हणून मोडीत काढावयाच्या शेकडो मोटारी चेसिसचे क्रमांक बदलून नव्या म्हणून निरनिराळ्या राज्यांत विकल्या गेल्या, आणि नवी मुंबईच्या पोलिसांनी त्यांतील पुष्कळ गाड्या जप्त केल्या. घेणारे लोक सामान्यच होते.

“मी पूर्ण पैसे दिले, पावती माझ्याजवळ आहे, मग गाडी माझी कशी नाही?” असे मेहुणे पोलीस ठाण्यात वारंवार विचारीत होते. कायद्याचे उत्तर कडू आहे. १९३० च्या वस्तुविक्री अधिनियमाचे कलम २७ असे की, विकणाऱ्याची स्वतःची जेवढी मालकी असेल त्याहून अधिक मालकी सामान्यतः घेणाऱ्यास मिळत नाही. चोराची मालकी शून्य, म्हणून दलालाची शून्य, म्हणून आपलीही शून्य. गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात ऊनपाऊस खात उभी राहते, आणि शेवटी मूळ मालकाच्या स्वाधीन होते. घेणाऱ्याने माल चोरीचा आहे हे जाणून घेतला नाही, हे त्यास पटवून द्यावे लागते ते निराळेच. ट्रॅक्टरच्या बाबतीत ही जप्ती ऐन पेरणीत झाली तर काय होईल हे येथे लिहिण्याची गरज नाही. विम्याचीही आशा धरू नये. ओळखच खोटी ठरलेल्या गाडीचा दावा नाकारण्यास कंपनीस आयते कारण मिळते.

यास्तव जुनी गाडी पाहण्यास जाताना दिवसाउजेडी जावे, आणि खिशात एक मऊ पेन्सिल, पातळ कागद, चिंधी व थोडे रॉकेल किंवा डिझेल न्यावे. क्रमांकाची जागा कोठे हे त्या बनावटीच्या जुन्या मिस्त्रीस आधी विचारून ठेवावे. तेथील वंगण पुसून कागद घासावा. कारखान्यातील अंक सारख्या उंचीचे, सारख्या खोलीचे व सरळ ओळीत असतात. हाताने ठोकलेले अंक नाचतात. अंकाभोवतीचे लोखंड शेजारच्यापेक्षा पातळ किंवा गुळगुळीत वाटले तर कानस चालली आहे असे समजावे. बाकीचा सांगाडा गंजलेला आणि तेवढीच जागा नव्या रंगाची, हे लक्षण सर्वांत वाईट. पट्टी असल्यास रिव्हेट पाहावेत. जुन्या पट्टीवर नवे रिव्हेट किंवा स्क्रू शोभत नाहीत. इंजिनाचा क्रमांकही ताडावा. इंजिन बदललेले असणे हा अपराध नव्हे, परंतु त्याची नोंद पुस्तकात असली पाहिजे. विकणारा रंग खरवडू देत नसेल तर किमतीची गोष्टच काढू नये.

इतके झाल्यावर कागद. विक्रेत्यास सोबत घेऊन परिवहन कचेरीतील मूळ नोंदीशी क्रमांक ताडावा. हातातील प्रतीवर विसंबू नये. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख ब्यूरोने चोरीच्या वाहनांची नोंद पाहण्याची सोय लोकांस ऑनलाइन करून दिली आहे, तिचाही उपयोग करावा. गाडीवर नवी उच्च सुरक्षा पाटी आहे एवढ्याने समाधान मानू नये. ती पाटी नोंदीवरून मिळते, तिच्याखालचे लोखंड कोणते हे ती सांगत नाही. आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून निराळा झाला, आणि त्याचे अंकन आता एम. एच. ३८ आहे. तिकडील जुन्या गाडीवर एम. एच. २२ दिसले म्हणून दचकू नये, आणि तेवढ्यावरून ती परभणीची असेही मानू नये.

एक गोष्ट विकणाऱ्यांकरिताही लिहितो, कारण ह्या लबाडीचा कच्चा माल आपणच पुरवितो. मोडका ट्रॅक्टर किंवा जीप भंगारवाल्यास देताना आपण नोंदणी पुस्तकही सहज देऊन टाकतो. कागदाचे वेगळे चार पैसे आले तर आनंदच मानतो. ते कागद म्हणजे चोरीच्या गाडीस मिळालेला जन्मदाखला. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत अथवा शक्य तितक्या लवकर कळवून नोंदणी रद्द करून घ्यावयाची असते. आपण कळवीत नाही. शिवाय नाव आपलेच राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार ह्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, गाडी विकली असली तरी नोंदीवर ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार. सबब भंगारात द्यावयाची गाडी सरकारमान्य केंद्रात जमा करून प्रमाणपत्र घ्यावे, आणि चालती गाडी विकल्यास १४ दिवसांत हस्तांतर कळवावे.

मेहुण्यांची जीप न्यायालयाच्या हुकुमाने मूळ मालकाकडे गेली. तो बिचारा स्वतः येऊन घेऊन गेला. त्याने मेहुण्यांस दोष दिला नाही आणि मेहुण्यांनी मला दिला नाही. दलालावर खटला चालू आहे. पावणेतीन लाखांपैकी काही परत आलेले नाही. गेल्या दिवाळीनंतर सेलूकडे त्यांना एक जुना ट्रॅक्टर पाहावयाचा होता आणि त्यांनी मला बोलाविले, याचे मला आश्चर्य वाटले. विकणाऱ्याने कागदांची पिशवी माझ्यापुढे केली. मेहुणे म्हणाले, “दाजी, ते मागाहून,” आणि पेन्सिल माझ्या हाती दिली. वंगण काढण्यातच अर्धा तास गेला. अंक सरळ निघाले, कचेरीतील नोंदीशी जुळले, आणि नवव्या दिवशी हस्तांतराचा अर्ज दाखल झाला.