आमसूल, मिरी आणि म्हातारपण

एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या म्हसळ्याकडच्या वाड्यांमध्ये रातांबे म्हणजे कोकमाची फळे पिकतात. साली रसात बुडवून उन्हात वाळवल्या की आमसूल होते, रसाला मीठ लावून ठेवले की आगळ, आणि बियांचे तेल टाचांच्या भेगांना लावायला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी हे सगळे जन्मभर खाल्ले-लावले आहे. आता त्याच घरांत मुंबईहून आणि आखातातून येणाऱ्या मुलाबाळांच्या सामानात कॅप्सूलचे डबे असतात. डब्यावर तारुण्य टिकवण्याचे आश्वासन असते आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत यादी: जीवनसत्त्वे, कोएन्झाइम क्यू-टेन, हळदीचा अर्क, मिरीचा अर्क, अश्वगंधा, कधी कोकमाच्या भावकीतल्या फळाचाही अर्क. यांतला एकेक पदार्थ आपल्याला काकूंइतका ओळखीचा वाटतो. पण डबा विकणारा पदार्थ विकत नाही, मिश्रण विकतो. त्या मिश्रणाची चाचणी कोणी घेतली, हे यादीत सापडत नाही.

कोकमापासूनच सुरुवात करू. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ मध्ये केरळात माशाच्या कालवणात घालतात त्या, कोकमाच्या भावकीतल्या मलबार चिंचेतील मुख्य आम्ल ओळखून दाखवले. ते हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल. ते आपल्या आमसुलातही असते. शरीरात चरबी तयार होण्याच्या वाटेवरच्या एका विकराला हे आम्ल रोखते, असे पुढे प्रयोगशाळेत दिसले आणि वजन उतरवण्याच्या गोळ्यांचा बाजार उभा राहिला. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवडे चाचणी झाली. अर्क घेणारे आणि नुसती खोटी गोळी घेणारे यांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. बाजाराला त्याचे काही वाटले नाही.

यकृताचे प्रश्न नंतर पुढे आले. औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन जाळ्याने २०२२ मध्ये मलबार चिंचेच्या अर्काशी जोडलेले २२ रुग्ण प्रसिद्ध केले. त्यांतल्या ५ जणांनी तो एकटा घेतला होता. १६ जणांच्या गोळीत त्याच्या जोडीला ग्रीन टी होता आणि एकाच्या गोळीत अश्वगंधा. एवढ्यावरून जोडी वाईट असा निष्कर्ष निघत नाही, कारण बाजारातल्या गोळ्याच मुळात जोडीच्या असतात. पण दोष कोणाचा हे ठरवणे अशा मिश्रणात किती अवघड होते, ते मात्र कळते. सोलकढी पिणाऱ्यांनी घाबरायचे कारण नाही. वाटीतले आमसूल आणि कॅप्सूलमधला आटवलेला अर्क यांची मात्रा वेगळी, आणि रोज रिकाम्या पोटी महिनोन्महिने सोलकढी कोणी पीत नाही.

हळदीची गोष्ट याहून बोलकी आहे. हळदीतले कुरक्युमिन आतड्यातून रक्तात जेमतेम उतरते आणि उतरले तरी यकृत ते झटपट बाहेर काढते. १९९८ मध्येच बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम कुरक्युमिनबरोबर मिरीतले २० मिलिग्रॅम पायपरीन दिले. रक्तातली उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. हा आकडा तेव्हापासून डब्यांवर मिरवतो आहे. पायपरीन हे करते कसे, तर परक्या पदार्थांना मोडून बाहेर टाकणारी यकृताची आणि आतड्याची यंत्रणा मंदावून. ती यंत्रणा हळदीसाठी वेगळी आणि रक्तदाबाच्या गोळीसाठी वेगळी अशी नसते. जम्मूतल्या संशोधकांनी १९८७ आणि १९९१ मध्ये दाखवले होते की पायपरीनबरोबर फिटांवरचे फेनिटॉइन, रक्तदाबावरचे प्रोप्रॅनोलॉल आणि दम्यावरचे थिओफिलिन यांचे रक्तातले प्रमाण वाढते. सत्तरीचा माणूस बहुधा अशी काहीतरी गोळी घेत असतो, आणि तारुण्याचा डबाही त्यालाच दिला जातो! अमेरिकेच्या त्याच जाळ्याने हळदीच्या पूरकांमुळे यकृत बिघडलेले १० रुग्ण नोंदवले. त्यांतल्या एकाचा मृत्यू झाला. ज्या ७ जणांच्या गोळ्या तपासता आल्या, त्यांतल्या ३ गोळ्यांत पायपरीन होते.

आपल्याकडे मिश्रणाची नीट चाचणी झालेलीच नाही असे नाही, आणि ती पुण्याच्या पुढाकाराने झाली आहे याचा अभिमान वाटायला हरकत नाही. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा, डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांवर २४ आठवडे दुहेरी आंधळी चाचणी घेतली, म्हणजे कोणाला काय दिले हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही ठाऊक नसलेली. एका बाजूला सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी यांसारख्या वनस्पतींची मिश्रणे होती, तर दुसरीकडे ग्लुकोसामीन हे म्हातारपणाच्या सांध्यांसाठी जगभर खपणारे पूरक आणि सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी. २०१३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. वेदना आणि हालचाल या बाबतींत वनस्पतींची मिश्रणे बाकी दोघांच्या बरोबरीने उतरली. आयुर्वेदाच्या जाहिरातीत वाक्य इथे संपते. मूळ निबंधात पुढे असेही आहे की वनस्पतींची औषधे घेणाऱ्या काही जणांच्या रक्तात एसजीपीटी हे यकृताचे विकर वाढले. त्यांना त्रास काहीच जाणवत नव्हता. ७ जणांना चाचणीतून बाहेर काढले, औषध थांबवल्यावर विकर पूर्ववत झाले. रक्त तपासत होते म्हणून हे कळले. घरी डबा उघडून खाणाऱ्याचे रक्त कोण तपासतो?

त्यातल्या गुळवेलीचेच पाहा. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी अडथळ्याच्या काविळीच्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल देऊन तिची उपयुक्तता दाखवली. अगदी आजारी यकृताला तिने हात दिला. पुढे कोविडच्या साथीत प्रतिकारशक्तीच्या नावाखाली लोक गुळवेलीचे काढे रोज पिऊ लागले. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले ६ रुग्ण आढळले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळखच चुकली असेल, असा आक्षेप घेतला. नंतर देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद आली. शरीराची स्वतःवरच उलटणारी प्रतिकारशक्ती आधीच अनेकांत मूळ धरून होती; गुळवेलीने तिला डिवचले, असे त्या डॉक्टरांचे म्हणणे. माझ्या मते यात के. ई. एम.ही खोटे नाही आणि हे डॉक्टरही नाहीत. कोणाला, किती दिवस, कोणाच्या देखरेखीखाली, एवढाच फरक आहे, आणि तोच फरक डब्यातून गळतो.

चरकाला हे ठाऊक होते. रसायन म्हणजे वय रोखणारे औषध चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात येते, पण ते देण्याआधी शरीराची शुद्धी सांगितली आहे. पिंपळीत मिरीसारखेच पायपरीन असते. वर्धमान पिंपळीचे रसायन चरक सांगतो, मात्रा चढवत न्यायची आणि उतरवत आणायची असे. आणि विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात पिंपळी, क्षार आणि मीठ हे तीन पदार्थ अति वापरू नयेत असेही बजावतो. पिंपळी घातलेल्या च्यवनप्राशाची बाटली वर्षभर टेबलावर ठेवणाऱ्यांनी हा अध्याय उघडायला हवा.

आयुष्य खरेच वाढते का? अमेरिकेच्या राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेने तीन प्रयोगशाळांत एकाच वेळी उंदरांवर घेतलेल्या चाचण्यांत द्राक्षांत आढळणारे रेझवेराट्रॉल आणि कुरक्युमिन यांनी आयुष्य वाढवले नाही. रेझवेराट्रॉलच्या भरवशावर एका औषध कंपनीने २००८ मध्ये ७२ कोटी डॉलर मोजून विकत घेतलेली संस्था २०१३ मध्ये बंद झाली. धूम्रपान करणाऱ्यांना गाजरातले बीटा-कॅरोटिन आणि जीवनसत्त्व अ एकत्र देणारी मोठी चाचणी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण फुफ्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी वाढला होता.

अशा चाचण्या आपल्या भागातही होऊ शकतील. म्हसळा तालुक्यात सावर येथे राज्यातले पहिले शासकीय युनानी महाविद्यालय उभारायला मंत्रिमंडळाने मान्यता दिली आहे. हकिमांचे इत्रिफल म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा यांचाच अवलेह. म्हणजे हे मिश्रणाचे शास्त्र तालुक्यातच शिकवले जाईल. तिथल्या रुग्णालयात रोग्याच्या कागदावर तो घेत असलेल्या प्रत्येक गोळीची नोंद झाली आणि यकृताच्या चाचण्या वेळच्या वेळी झाल्या, तर पुण्याच्या डॉक्टरांना ४४० जणांवर जे जमले ते कोकणातही जमेल.

तोपर्यंत एवढे करा. डॉक्टरांकडे जाताना घरातले सगळे डबे पिशवीत घालून न्या, आमसुलाची बरणी सोडून. भारतात पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापलेले असते, ते वाचा. गोळी सुरू केल्यावर लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले किंवा भूक मेली तर ती त्याच दिवशी थांबवा. आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेला १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवा.