एकच नोंद किती वेळा लिहायची?

व्यवसायातली वेगवेगळी ॲप्स एकमेकांना जोडणारे सॉफ्टवेअर घ्यावे की नाही, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा वाटला तरी मुळात तो नोंदीचा आहे. एकच माहिती किती ठिकाणी लिहिली जाते, कोण लिहितो आणि लिहिताना चूक झाली तर तिची किंमत कोण मोजतो, एवढे समजले की निर्णय बराचसा सोपा होतो.

जुन्या पेढीत दिवसभराचे व्यवहार आधी कीर्दीत उतरत आणि तिथून दिवाणजी ते खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवत. नोंद दोनदा लिहावी लागे, पण लिहिणारा एकच असे आणि ताळा जुळल्याशिवाय वह्या मिटत नसत. आता वह्यांची जागा ॲप्सनी घेतली आहे. वह्या वाढल्या, लिहिणारे हातही वाढले आणि सगळ्यांचा मेळ घालणारा एक माणूस मात्र बहुतेक ठिकाणी उरला नाही.

एका ऑर्डरचा प्रवास

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही हळद पाकिटांत भरून विकणारा एखादा मध्यम उद्योग उदाहरणादाखल घेता येईल. त्याची विक्री तीन वाटांनी होते: स्वतःची वेबसाइट, ॲमेझॉन आणि व्हॉट्सॲपवर मागणी कळवणारे किराणा दुकानदार. हिशेब टॅलीत, साठा एक्सेलमध्ये आणि पार्सलची नोंद कुरिअर कंपनीच्या पोर्टलवर.

नाशिकच्या ग्राहकाने वेबसाइटवर 200 ग्रॅमची तीन पाकिटे मागवली. कार्यालयातला कर्मचारी ऑर्डर उघडतो, टॅलीत विक्रीची एंट्री मारतो, एक्सेलमध्ये साठ्यातून तीन वजा करतो, नाव, पत्ता आणि पिनकोड कुरिअरच्या पोर्टलवर भरतो, तिथे मिळालेला ट्रॅकिंग क्रमांक उचलून ग्राहकाला पाठवतो. ग्राहकाने स्वतः एकदा भरलेली माहिती यात आणखी चार ठिकाणी फिरते. पिनकोडचा एक आकडा चुकला की पार्सल भलत्याच गावी जाते. साठ्यातून तीन वजा करायचे राहिले की संपलेला माल ॲमेझॉनवर विक्रीला दिसत राहतो.

जोडणी म्हणजे काय

दोन ॲप्सनी माणसाशिवाय माहितीची देवाणघेवाण करायची तर दोघांनाही ठरलेले दार लागते. या दाराला एपीआय म्हणतात. कोणती माहिती, कोणत्या स्वरूपात मागायची आणि कोणत्या स्वरूपात मिळेल, याचे नियम त्यात ठरलेले असतात. नवे काही घडताच एका ॲपने दुसऱ्याला आपणहून कळवण्याच्या सोयीला वेबहूक म्हणतात. ही सोय नसेल तर जोडणारे सॉफ्टवेअर ठराविक वेळाने जाऊन ‘नवे काही आहे का’ असे विचारत राहते. तसे असेल तर माहिती पोहोचायला काही मिनिटे लागतात. साठा झपाट्याने हलणाऱ्या मालासाठी तेवढा उशीरही महाग पडू शकतो.

2011 मध्ये सुरू झालेले झॅपियर, प्रागमध्ये इंटिग्रोमॅट या नावाने जन्मलेले आणि 2022 मध्ये नाव बदललेले मेक, 2019 मध्ये बर्लिनहून आलेले एन-एट-एन आणि चेन्नईच्या झोहोचे फ्लो ही या कामाची परिचित साधने. सगळ्यांचे सूत्र एक: ‘अमुक घडले की तमुक करा’. वेबसाइटवर ऑर्डर आली की साठ्यातून वजाबाकी करा, कुरिअरची नोंद करा, ग्राहकाला संदेश पाठवा. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही असे सूत्र पडद्यावर मांडता येते, हे या साधनांचे खरे योगदान.

मात्र प्रत्येक ॲपचे दार सारखे नसते. टॅलीची सुरुवात 1986 मधली. आजही असंख्य कार्यालयांत ती तिथल्याच एका संगणकावर चालते. तिच्याशी माहितीची देवाणघेवाण करता येते, पण इंटरनेटवरचे जोडणी-सॉफ्टवेअर बंद असलेल्या संगणकापर्यंत पोहोचू शकत नाही. मधे त्याच संगणकावर चालणारा दुवा बसवावा लागतो आणि संगणक चालू ठेवावा लागतो. म्हणून ‘सगळे जोडले जाईल’ या आश्वासनापेक्षा ‘आमच्या या आवृत्तीशी, या नोंदीपुरते जोडले जाईल का’ हा प्रश्न विक्रेत्याला आधी विचारायला हवा.

आधी मोजणी

गरज ठरवण्याचा सर्वांत विश्वासार्ह मार्ग म्हणजे आठवडाभर कागद-पेन्सिल घेऊन मोजणे. कोणती माहिती, कुठून कुठे, दिवसातून किती वेळा पुन्हा लिहिली जाते आणि दर वेळी किती मिनिटे जातात, अशी चार रकान्यांची यादी पुरते.

हळदीच्या उद्योगात दिवसाला 60 ऑर्डर येतात आणि एका ऑर्डरच्या पुनर्लेखनाला 6 मिनिटे लागतात असे धरले, तर रोजचे 6 तास होतात. महिन्याच्या 26 कामाच्या दिवसांत 156 तास, म्हणजे जवळपास एका माणसाचे पूर्ण काम. अशा ठिकाणी जोडणीचा विचार टाळणे म्हणजे त्या माणसाचा महिना वाया घालवणे. त्याच उद्योगात दिवसाला 6 ऑर्डर असतील तर हेच गणित महिन्याला सुमारे साडेपंधरा तासांवर येते. ते तास कोणाचे काम अडवत नसतील, तर नवे सॉफ्टवेअर उभे करणे, शिकणे आणि सांभाळणे यांतच त्याहून जास्त वेळ जाण्याची शक्यता असते.

खर्चाचे गणितही याच मोजणीतून निघते. झॅपियरसारखी साधने पार पडलेल्या प्रत्येक कृतीमागे आकारणी करतात. दिवसाला 60 ऑर्डर आणि प्रत्येकीमागे तीन कृती धरल्या तर महिन्याला 4,680 कृती होतात. योजना निवडताना हा आकडा हाताशी हवा. सणासुदीला मागणी दुप्पट झाली की हा आकडाही दुप्पट होतो.

चुकीची किंमत

वेळेइतकीच महत्त्वाची बाब म्हणजे चूक. काही चुका फोनवर माफी मागून निस्तरतात, काही पुढच्या माणसाचे नुकसान करतात. घाऊक खरेदीदाराच्या बिलावर जीएसटी क्रमांकाचा एक अंक चुकीचा पडला, तर ते बिल त्याच्या जीएसटीआर-2बी या खरेदीच्या विवरणपत्रात दिसत नाही आणि भरलेल्या कराची वजावट अडते. पुढच्या मागणीच्या वेळी तो हे विसरलेला नसतो.

काही ठिकाणी कायद्यानेच जोडणीकडे ढकलले आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना, काही अपवाद वगळता, नोंदणीकृत खरेदीदारांच्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे. प्रत्येक बिल शासनमान्य पोर्टलवर नोंदवून 64 अक्षरांचा संदर्भ क्रमांक आणि क्यूआर कोड घ्यावा लागतो. रोज चाळीस-पन्नास बिले असतील तर हे हाताने करणे परवडत नाही. पण त्यासाठी वेगळे जोडणी-सॉफ्टवेअर लागेलच असे नाही. टॅलीसह अनेक हिशेबाच्या सॉफ्टवेअरांत ही सोय आधीच आहे.

जोडणी नको असते तेव्हा

पैसे मोजण्याआधी तीन स्वस्त पर्याय तपासावेत. पहिला, ॲपमध्येच असलेली तयार जोडणी. वेबसाइट बनवून देणाऱ्या अनेक सेवा कुरिअर आणि पेमेंट कंपन्यांशी आधीच जोडलेल्या असतात. ही सोय महिनोन्‌महिने बंदच पडून असल्याचे पुष्कळदा दिसते. दुसरा, फाइलने काम भागवणे. दिवसअखेर सर्व ऑर्डरची एक फाइल काढून ती हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवता येत असेल, तर साठ वेळा लिहिण्याचे काम एका वेळेवर येते. तिसरा, ॲप कमी करणे. पाच ॲप्समध्ये प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायचे तर दहा दुवे होतात, दहा ॲप्समध्ये पंचेचाळीस. दोन ॲप्सचे काम एकात बसत असेल तर न बसवलेल्या दुव्याइतका टिकाऊ दुवा दुसरा नाही.

कामाची पद्धतच दर महिन्याला बदलत असेल तरी थांबणे बरे. तसेच ज्या टप्प्यावर माणसाचा अंदाज लागतो, तो टप्पा माणसाकडेच ठेवावा. उधारी थकलेल्या दुकानदाराला ऐन दिवाळीच्या तोंडावर माल सोडायचा की नाही, हे त्याला वीस वर्षे ओळखणारा माणूसच ठरवू शकतो.

नावे एक करणे

जोडणीचे सर्वांत मोठे काम सॉफ्टवेअर घेण्याआधीचे असते. वेबसाइटवर ‘हळद पावडर 200 ग्रॅम’, टॅलीत ‘हळद 200’ आणि ॲमेझॉनवर इंग्रजीत तिसरेच नाव असेल, तर माणसाला तिन्ही एकच वाटतात; सॉफ्टवेअरसाठी त्या तीन वेगळ्या वस्तू असतात. ग्राहकांचेही तेच. एकच दुकान मालकाच्या नावाने, दुकानाच्या नावाने आणि गावाच्या नावाने तीन खात्यांत असते. म्हणून प्रत्येक वस्तूला एक सांकेतिक क्रमांक आणि प्रत्येक पार्टीला एकच खाते, ही शिस्त आधी लागते.

त्याबरोबर कोणत्या माहितीसाठी कोणती वही खरी, हेही ठरवावे लागते. साठ्याचा आकडा एक्सेलमधला खरा की टॅलीतला? दोन्हींत फरक पडला तर कोणी कोणाला दुरुस्त करायचे? हे न ठरवता जोडणी केली तर चुकीचा आकडा पूर्वीपेक्षा वेगाने सगळीकडे पसरतो. नावे आणि खऱ्या वह्या ठरवण्यातच निम्मी कटकट संपते, आणि काही व्यवसायांना त्यानंतर जोडणीची गरजच उरत नाही.

सांभाळण्याचा भार

जोडणी एकदा बसवून विसरण्याची गोष्ट नाही. पासवर्ड बदलला, एखाद्या ॲपने एपीआयचे नियम बदलले किंवा फॉर्ममध्ये नवा रकाना आला की ती थांबते, आणि अनेकदा गाजावाजा न करता थांबते. अर्धवट थांबून पुन्हा सुरू झाल्यास एकच ऑर्डर दोनदा नोंदली जाण्याचाही धोका असतो. म्हणून बिघाड झाला की कोणाच्या फोनवर सूचना जाईल, हे पहिल्याच दिवशी ठरलेले हवे. जोडणीचे खाते कंपनीच्या ईमेलवर हवे. ती बसवणाऱ्या मुलाच्या खासगी ईमेलवर असेल, तर तो नोकरी सोडून गेल्यावर किल्ल्याही त्याच्याबरोबर जातात.

ग्राहकांची नावे, फोन क्रमांक आणि पत्ते या मधल्या सॉफ्टवेअरमधून वाहतात, हेही लक्षात घ्यावे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार माहिती दुसऱ्या कंपनीमार्फत हाताळली तरी जबाबदारी मूळ व्यवसायाचीच राहते. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्यामुळे कामापुरतीच माहिती पुढे पाठवणे हितावह.

महिनाभराची चाचणी

मोजणीत तास मोठे निघाले, चुका महाग ठरल्या, कामाची पद्धत स्थिर असली आणि नावे एक झाली, तर जोडणी घ्यावी. यांतले एक जरी कमी असेल तरी घाई नको. घ्यायची ठरली तरी सुरुवात सर्वांत जास्त वेळा लिहिल्या जाणाऱ्या एकाच नोंदीपासून करावी. हळदीच्या उदाहरणात ती वेबसाइटवरून कुरिअरच्या पोर्टलकडे जाणारी पत्त्याची नोंद ठरेल. महिनाभर रोज संध्याकाळी वेबसाइटवरच्या ऑर्डर आणि कुरिअरकडच्या नोंदी मोजून ताळा घ्यावा. महिनाअखेर वाचलेले तास, राहिलेल्या चुका आणि आलेले बिल शेजारी शेजारी मांडावे. आकडे पटले तर दुसरी नोंद जोडावी, नाही तर ती जोडणी बंद करून फाइलच्या वाटेने पुढे जावे.