टीडीएस १२० आला म्हणजे पाणी शुद्ध? प्रवासात गाडीची टाकी भरण्याआधी हे वाचा

दिंडीसोबतचा टेम्पो असो, ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर असो, नाहीतर मागे गादी टाकून फिरायला काढलेली व्हॅन. पिण्याच्या पाण्याची १००-२०० लिटरची टाकी सोबत असतेच. ती वाटेत संपली की विहीर, झरा, ओढा, तलाव, जे दिसेल तिथे नळी सोडली जाते. हल्ली तिथे कोणीतरी खिशातून टीडीएस मीटर काढतो, आकडा बघतो आणि म्हणतो, "मस्त आहे, भरा बिनधास्त!" इथेच घोळ होतो.

टीडीएस मीटर नेमकं काय मोजतो?

मीटरच्या टोकाला दोन छोटे इलेक्ट्रोड असतात. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघून मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. बस, एवढंच! जंतू, विषाणू, कीटकनाशक यातलं काहीही त्याला ओळखता येत नाही.

घरी करून बघा. एका ग्लासात चिमूटभर मीठ टाका, आकडा उडी मारेल. दुसऱ्यात चमचाभर साखर विरघळवा, आकडा जवळजवळ हलणारच नाही. साखर पाण्यात आहे, पण मीटरला दिसत नाही. जंतूंचंही तसंच.

मी नवीन जालन्याचा. आमच्याकडे निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडी तलावाचं पाणी येतं, आणि बऱ्याच घरी बोअरही आहे. बोअरचं पाणी काळ्या खडकातून मुरत येतं, म्हणून त्यात क्षार जास्त. तलावात पावसाचं पाणी साठतं, म्हणून तिथे आकडा कमी. पण कुठल्याही तलावाचं कच्चं पाणी उघड्यावरचं असतं, त्यात गुरंढोरं उतरतात. म्हणजे मीटर ज्याला चांगलं म्हणतो, तेच आधी निर्जंतुक करावं लागतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलीग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. म्हणजे ७०० टीडीएसचं निर्जंतुक पाणी १०० टीडीएसच्या कच्च्या पाण्यापेक्षा केव्हाही बरं.

मोबाईलचा खरा उपयोग कुठे?

कॅमेऱ्याने पाणी "स्कॅन" करणाऱ्या अ‍ॅपच्या नादी लागू नका. ग्लासातले जंतू फोनच्या कॅमेऱ्याला दिसत नाहीत. त्यापेक्षा मॅपमध्ये सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि ओढ्याच्या वरच्या बाजूला काय आहे ते बघा. कुंडलिका नदी जुन्या आणि नवीन जालन्याच्या मधून वाहते. अशा नदीचं शहराच्या खालच्या बाजूचं पाणी टाकीत घ्यायचंच नाही, कारण सांडपाणी आणि कारखान्यांची रसायनं कुठलीही गोळी काढू शकत नाही. मॅप आधीच ऑफलाइन डाऊनलोड करून ठेवा.

स्रोत निवडताना माझा क्रम असा:

१. गावचा नळ किंवा हातपंप
२. कठडा असलेली, वापरातली विहीर
३. वस्तीच्या वरचा झरा किंवा वाहता ओढा
४. तलाव (हिरवा तवंग असेल तर नाही)

शेततळं शक्यतो टाळा. तिथेच फवारणीचे पंप भरले जातात. आणि पाणी कुठलंही असो, आधी गावात विचारा: "हे पाणी तुम्ही पिता का?"

टाकी कशी भरायची?

गाळा: पाणी गढूळ असेल तर आधी बॅरलमध्ये तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी चार पदरी कपड्यातून घ्या. गाळ राहिला तर तो क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतू वाचतात.

क्लोरीन टाका: लहान टाकीला क्लोरीनच्या गोळ्या सोप्या. पाकिटावर किती लिटरला किती ते लिहिलेलं असतं. ग्रामपंचायत वापरते ती टीसीएल पावडर (३३ टक्के क्लोरीनची) असेल तर १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरला १ ग्रॅम. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी टाकीत ओता. पावडर उघडी राहिली की तिचा जोर जातो, म्हणून डबा घट्ट बंद हवा.

थांबा: अर्धा तास. हीच पायरी सगळे गाळतात!

तपासा: क्लोरीनची पट्टी किंवा ओटी टेस्ट वापरा. निदान ०.२ मिलीग्रॅम शिल्लक क्लोरीन दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुन्हा डोस द्या आणि पुन्हा अर्धा तास थांबा.

फिल्टर कुठला लावायचा?

गाडीत आरओ परवडत नाही, तो बरंच पाणी वाया घालवतो. यूव्हीला वीज आणि स्वच्छ पाणी दोन्ही लागतं. यूएफ फिल्टर विजेशिवाय चालतो आणि जिवाणू अडवतो, पण क्षार, नायट्रेट किंवा कीटकनाशक नाही. कार्बन फिल्टर वास काढतो, सोबत क्लोरीनही काढतो. म्हणून तो टाकीच्या आधी किंवा पिण्याच्या नळाला लावा. क्लोरीन मात्र टाकीतच राहू द्या.

नेहमीचे दोन प्रश्न

*डिझेलचा कॅन धुऊन वापरला तर?* नाही. प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं तेल धुऊन जात नाही. फूड ग्रेड टाकीच घ्या.

*सोबत तान्हं बाळ असेल तर?* गाळलेलं पाणी खळखळ उकळल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळू द्या आणि झाकून थंड करा. लहान मुलांना जुलाब लागले की अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं, आणि दवाखाना वाटेत नेमका जवळ नसतो.

टीडीएस मीटर फेकून देऊ नका, पाणी खारं आहे का ते तो नीट सांगतो. ते प्यायचं की नाही, हे मात्र गाळणं, क्लोरीन आणि त्या अर्ध्या तासावर ठरवा. तुमच्या दिंडीच्या किंवा ट्रिपच्या ग्रुपमध्ये टाकी भरायचं काम ज्याच्याकडे असतं, त्याला हे आजच पाठवा.