दुखणे खरे, पण नाव सापडेना : सिकलसेलच्या वेदनेविषयी थोडेसे

दुखणे दोन प्रकारचे असते. एक दिसणारे आणि दुसरे न दिसणारे. हात मोडून प्लॅस्टरमध्ये असला तर बसमध्ये लोक उठून जागा देतात, ऑफिसात साहेब रजा मंजूर करतात आणि शेजारीपाजारी विचारपूस करून जातात. परंतु ज्याच्या हाडांच्या आत ठणका चालू आहे, वरून कातडी जशीच्या तशी आहे आणि एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही, त्याच्या वाट्याला यांपैकी काही येत नाही. त्याला आधी वेदना सोसावी लागते आणि नंतर ती वेदना खरी आहे हे लोकांना पटवीत बसावे लागते. आपल्या विदर्भात अशी माणसे गावोगावी आहेत. त्यांतील पुष्कळांच्या दुखण्याचे नाव सिकलसेल हे असते. ते नाव त्यांना वेळेवर कुणी सांगितलेले नसते, एवढेच.

आम्ही डॉक्टर नव्हे. कला शाखेचे पदवीधर असून बँकेत लिपिक म्हणून काम करतो. परंतु हा आजार आमच्या घरात आहे, त्यामुळे त्याविषयी जे वाचले, डॉक्टरांना विचारून घेतले आणि डोळ्यांनी पाहिले ते समाजबांधवांपुढे ठेवावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

हा आजार म्हणजे काय?

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचीक असतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोहोचविते. सिकलसेलच्या रुग्णात या हिमोग्लोबिनच्या रचनेत जन्मतःच एक लहानसा बदल असतो. प्राणवायू कमी पडला की त्याच्या पेशी ताठर होऊन विळ्यासारख्या वाकड्या होतात. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि त्या भागात असह्य कळा येतात. हात, पाय, कंबर, पाठ, छाती, पोट, कुठेही हे होऊ शकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही वाकडी पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात.

१९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधील ग्रेनेडा बेटाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या पेशी प्रथम नोंदविल्या. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे दाखविले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींमध्ये आणि १९५८ साली नागपूर भागात त्याची नोंद झाली. म्हणजे आपल्याकडे हा आजार माहीत होऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तरीही निदानाला उशीर होतोच.

निदान का लांबते?

याची कारणे तपासली तर दोष रुग्णाचा नाही हे लगेच कळते. पहिले कारण असे की, हे दुखणे जागा बदलते. आज गुडघा, पुढच्या महिन्यात पाठ, थंडीत पुन्हा मांडी. मधल्या काळात मूल खेळते, हसते. त्यामुळे पाहणाऱ्याला संशय येतो. दुसरे कारण, कळा सुरू असताना एक्स-रे बहुधा नॉर्मल येतो. तिसरे, नेहमीच्या रक्त तपासणीत फक्त 'रक्त कमी आहे' एवढेच कळते आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. चौथे, प्रत्येक लक्षणावर वेगळा डॉक्टर वेगळे नाव ठेवतो. सांधा सुजला की संधिवात, डोळे पिवळे झाले की कावीळ, पाय दुखले की वाढीचे दुखणे. सगळे धागे एकत्र कुणी बघत नाही.

आमच्या थोरल्या बहिणीच्या मुलाचे असेच झाले. त्याचा जन्म २००४ चा, भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यात. वर्षाचा असताना त्याच्या हातापायांचे पंजे सुजले. म्हातारी माणसे म्हणाली, दृष्ट लागली. चौथ्या वर्षापासून दर हिवाळ्यात तो रात्र रात्र रडायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी वाढीचे दुखणे सांगितले. पुढे डोळे पिवळे झाले, तेव्हा झाडपाला झाला आणि जेवणातले तेल-हळद बंद झाले. शहरातील एका दवाखान्यात संधिवाताचा ताप ठरला आणि दोन वर्षे दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन चालले. भाऊजींनी दोन एकरांतील एक एकर गहाण ठेवले. शाळेत गुरुजी म्हणत, परीक्षा आली की याचे पाय दुखतात. पोरगा आम्हाला म्हणायचा, "मामाजी, हाडाच्या आतूनच ठणकते जी, दाखवू कसं?"

२०१९ साली गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने आलेल्या एका तरुण डॉक्टरने त्याचे सगळे जुने कागद एका टेबलावर मांडले. लहानपणी पंजे सुजले होते का, घरात आणखी कुणाचे अंग दुखते का, असे दोन प्रश्न विचारले आणि रक्ताचे काही थेंब घेतले. जिल्ह्याच्या रुग्णालयातून पक्का रिपोर्ट आला. मुलगा 'एसएस', आई-वडील दोघेही 'एएस'. चौदा वर्षे जे सापडले नाही ते सरकारी तपासणीत सापडले आणि त्या तपासणीला एक रुपयाही लागला नाही. आजार बरा होणारा नाही हे ऐकून बहीण रडली. पोराने मात्र विचारले, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो, हे आता गुरुजींना सांगता येईल ना?"

या प्रश्नात बरेच काही आहे. निदानाने वेदना थांबत नाही, परंतु रुग्णावरचा खोटेपणाचा आरोप जातो. बँकेत दिवसअखेर रोकड जुळली नाही तर आम्ही एकेक व्हाउचर काढून पाहतो. खातेदार लबाड आहे असे आधी ठरवीत नाही. दुखण्याच्या बाबतीतही तेवढा न्याय मिळावा.

तपासणी कशी होते?

पहिली तपासणी सोल्युबिलिटी टेस्ट होय. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झाले तर सिकल हिमोग्लोबिन आहे असे समजतात. पण माणूस वाहक आहे की रुग्ण हे यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी करावीच लागते. पहिल्याच कागदावर थांबू नये. नुकतेच रक्त चढविले असेल तर दात्याच्या रक्तामुळे रिपोर्ट फसवा येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. अगदी तान्ह्या बाळात जन्मावेळचे हिमोग्लोबिन जास्त असल्याने पहिले काही महिने लक्षणे दिसत नाहीत, तेव्हा बाळ ठणठणीत आहे म्हणून तपासणी टाळू नये.

डॉक्टरकडे जाताना एक साधी वही सोबत न्यावी. दुखणे कोणत्या तारखेला सुरू झाले, कुठे, किती तास टिकले, आधी ताप, थंडी, उन्हातले श्रम, पाणी कमी पिणे असे काही झाले होते का, कोणती गोळी घेतली, हे लिहून ठेवावे. ओपीडीत डॉक्टरांना पाच मिनिटे मिळतात. पाच मिनिटांत रडून जे सांगता येत नाही ते वहीची दोन पाने सांगतात. शिवाय 'सिकलसेलची तपासणी करता येईल का?' हे वाक्य आपण स्वतः नम्रपणे उच्चारावे. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

वेदनेसोबत जगताना

पाणी भरपूर प्यावे, थंडीत अंग उबदार ठेवावे, अतिश्रम व कडक ऊन टाळावे, तापाकडे दुर्लक्ष करू नये. दुखऱ्या जागी बर्फ लावू नये, कोमट शेक द्यावा. फॉलिक ॲसिडची गोळी आणि न्यूमोनियाची लस याविषयी डॉक्टरांना विचारावे. लोहाच्या गोळ्या मात्र शरीरातील लोह तपासल्याशिवाय घेऊ नयेत. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने कळा येण्याचे प्रमाण बऱ्याच रुग्णांत कमी होते. अमेरिकेत १९९८ साली या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. ते कर्करोगातही वापरतात हे ऐकून काही जण घाबरून सोडून देतात, तसे करू नये. परंतु ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठराविक काळाने रक्त तपासूनच घ्यावयाचे असते. गर्भधारणेचा विचार असेल तर स्त्री असो की पुरुष, आधी डॉक्टरांशी बोलावे.

जोराचा ताप, छातीत दुखून धाप लागणे, एकाएकी पांढरेफटक पडणे, डाव्या बरगडीखाली पोट फुगणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, मुलग्यांत लघवीच्या जागी न उतरणारा वेदनादायक ताठरपणा, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळू शकते. ते घेण्यात कमीपणा नाही. न दिसणारे दुखणे कागदावर दिसू लागते, हाच त्याचा मोठा उपयोग.

लग्नाआधी रक्ताचा रिपोर्ट

आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी होण्याची २५ टक्के असते. एक रुग्ण व दुसरा वाहक असेल तर निम्मी शक्यता रुग्ण मुलाची. परंतु एकच वाहक असून दुसऱ्याचा एचपीएलसी रिपोर्ट स्वच्छ असेल तर मूल रुग्ण होत नाही. थॅलेसेमियाचा वाहकही याच तपासणीत कळतो आणि ते कळणे तितकेच आवश्यक आहे, कारण सिकलसेल व थॅलेसेमिया एकत्र आल्यासही मूल आजारी होते.

येथे दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्याशा वाटतात. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. तो सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगतो, त्याला नाकारण्याचे कारण नाही. आणि रुग्ण मूल जन्मले तर दोष सुनेचा नसतो. दोष दोन्हीकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही. आपल्या समाजात पत्रिका जुळवीत नाहीत याचा आपल्याला अभिमान आहे. मग वधू-वर परिचय मेळाव्याच्या फॉर्ममध्ये शिक्षण, नोकरी, उंची या रकान्यांशेजारी रक्त तपासणीचा एक रकाना वाढविण्यास हरकत नसावी. दोघेही वाहक निघाले आणि तरीही लग्न करायचे ठरले, तर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच गर्भाची तपासणी करता येते. निर्णय त्या दोघांचा. माहिती मात्र आधी हवी.

समाजाने काय करावे?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या राहू नये, असे त्याचे उद्दिष्ट आहे आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी त्यात धरली आहे. अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. परंतु विदर्भात हा आजार आदिवासी, अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय अशा अनेक समाजांत आढळतो. म्हणून आपणही आरोग्य केंद्रात जाऊन तपासणी मागितली पाहिजे. विहाराच्या सभागृहात वर्षातून एक दिवस शिबिर भरविणे संस्थेला अवघड नाही. रिपोर्ट मात्र ज्याचा त्याच्याच हाती द्यावा. फलकावर नावे लावू नयेत.

वाचकहो, आपल्या घरात किंवा शेजारी एखादे मूल दर थंडीत अंथरूण धरत असेल, त्याचे डोळे पिवळे दिसत असतील, आणि त्याला आळशी म्हटले जात असेल, तर त्याला एकदा तपासणीस न्या. तपासणीत काही निघाले नाही तर उत्तमच, आणि काही निघाले तर त्याच्या उपचारास त्याच दिवशी सुरुवात करता येईल. तोपर्यंत ते 'दुखते' म्हणाले की 'होय, दुखत असेल' एवढे आपण म्हणू शकतो. त्याला पैसे लागत नाहीत.